समुद्राच्या टाकीला लाइट घेताना

आमच्या हॉलमध्ये पहिल्यांदा निळा लाइट लागला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, गणपतीला अजून दोन महिने आहेत. आत्तापासून मंडप कशाला?" ठाण्यातला आमचा हॉल बारा बाय दहाचा. त्यात अडीच फूट लांब आणि दीड फूट खोल अशी खाऱ्या पाण्याची टाकी. भिंतींपासून कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यापर्यंत सगळं निळं झालं होतं, त्यामुळे त्यांचं काही चुकलं नव्हतं. पहिल्या वर्षात मी चार लाइट बदलले. त्यातला एकच कामाचा निघाला आणि तो सगळ्यात स्वस्त होता. म्हणून हे लिहितेय.

लाइट बघण्याआधी टाकीत काय राहणार ते ठरवा. नुसते मासे असतील, म्हणजे क्लाऊन, डॅमसेल, एखादा गोबी, तर त्यांना खास लाइट लागतच नाही. दिवस कधी आणि रात्र कधी एवढं कळलं की त्यांचं भागतं. बाकीचा उजेड आपल्याला ते दिसावेत म्हणून. मुंबईच्या लोहार चाळीत मिळणारी १८-२० वॅटची साधी एलईडी बॅटन घ्या, ६५०० केल्विनची, खोक्यावर 'कूल डे लाइट' लिहिलेली. विषय संपला. दुकानदार 'मरीन लाइट'च्या नावाखाली सहा हजारांची पट्टी पुढे करेल, तेव्हा "फक्त मासेच ठेवणार आहे" म्हणायचं आणि उठायचं. क्लाऊन माशाला अ‍ॅनिमोनी, म्हणजे फुलासारखा दिसणारा समुद्रजीव, हवाच, हाही समज सोडून द्या. आमची जोडी टाकीतल्या पंपाच्या मागे संसार करून आहे.

खर्च वाढतो तो प्रवाळ ठेवायचं म्हटलं की. आणि इथेच आपल्याकडचे बहुतेक लोक फसतात, कारण ते अमेरिकेतले व्हिडिओ बघून लाइट घेतात. त्या व्हिडिओंत साठ-सत्तर हजारांचे लाइट असतात ते मुख्यतः फांद्याफांद्यांच्या दगडी प्रवाळांसाठी, ज्यांना उजेड भरपूर लागतो. भारतात दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या संरक्षित यादीत आहेत. समुद्रपंखे, काळं प्रवाळ आणि समुद्रघोडेसुद्धा. मागच्या दाराने कोणी देतो म्हटलं तरी घेऊ नका. २००१ मध्ये यांना वाघाच्याच यादीत घातलं. म्हणजे ज्याच्यासाठी महागडा लाइट लागतो ते घरात ठेवायचंच नाहीये. राहिले प्रवाळाचे मऊ प्रकार: मशरूम, झोआ, लेदर. तेही आयात केलेले, बिलासकट घ्यावेत. आणि यांना लागतो मध्यम उजेड.

मध्यम म्हणजे किती? प्रवाळाच्या अंगात झूझँथेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. या शैवालाच्या कामाचा उजेड 'पार' या मापात मोजतात. ढोबळ हिशोब असा: मशरूमला ३० ते ८०, झोआला ६० ते १२०, लेदरला ८० ते १५०. फांद्यांच्या दगडी प्रवाळाला २०० ते ३५० आणि कधी त्याहून जास्त. पार मीटर महाग असतो, एका कामासाठी विकत घेण्यात अर्थ नाही. ओळखीत कोणाकडे असेल तर एका दुपारपुरता मागून आणा. मोबाइलवरच्या लक्स अ‍ॅपवर मात्र फार भिस्त नको. लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप, आणि आपल्या डोळ्याला हिरवा जास्त दिसतो, निळा कमी. त्यामुळे निळ्या लाइटखाली आकडा हास्यास्पद येतो. टाकीचा डावा कोपरा आणि उजवा कोपरा यांची तुलना करायला ते अ‍ॅप चालेल, तेवढंच.

आता निळाच का? समुद्राचं पाणी आधी तांबडा उजेड खातं. खोल गेलं की लाल जवळजवळ उरत नाही, निळा खोलवर जातो, आणि ते शैवाल त्या निळ्यालाच सरावलेलं असतं. आपल्या दीड फूट पाण्यात कुठलाच रंग अडत नाही, तरी शैवालाची सवय तीच. पण हेही सांगते: मालवणला स्नॉर्केलिंग केलं तेव्हा पाणी निळंबिळं नव्हतंच, चांगलं हिरवट आणि गढूळ होतं, आणि खाली प्रवाळ मजेत होतं. तेव्हा सगळी टाकी जांभळी-निळी करायचा अट्टाहास हा आपल्या हौसेचा भाग. मी निळा जास्त आणि पांढरा थोडा असं ठेवते, माशांचे खरे रंग दिसतात.

निळ्यातही प्रकार आहेत. हवा तो 'रॉयल ब्लू', साधारण ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा. सजावटीचे निळे लाइट बऱ्याचदा ४६५-४७०च्या आसपास असतात. त्यावर मऊ प्रवाळ जगतं, पण झोआ चमकायला हवेत तसे चमकत नाहीत. माझी युक्ती सांगते. पर्समध्ये एक वही ठेवा, तिच्यात पिवळ्या आणि हिरव्या हायलायटरच्या दोन रेघा मारलेल्या. दुकानात लाइट लावायला सांगा आणि आडोशाला जाऊन वही खाली धरा. कागद काळपट दिसून रेघा पेटल्यासारख्या उठल्या तर निळा बरा आहे. सगळा कागदच सपाट निळा दिसला तर पुढच्या दुकानात. लोहार चाळीतला एक म्हातारा दुकानदार माझी वही बघून म्हणाला, "ताई, शाळेत शिकवता का?" रिमोटवर सोळा रंग बदलणाऱ्या पट्ट्या मात्र हातातसुद्धा घेऊ नका. त्या खरंच मंडपाच्या.

माझा स्वस्तात निघालेला लाइट म्हणजे दोन फ्लडलाइट: एक निळा ३० वॅटचा, एक पांढरा २० वॅटचा, दोन्ही पाणी न शिरणारे. निळा साडेसातशेला, पांढरा पाचशेला पडला. जुन्या पडद्याच्या दांडीला लोखंडी पट्टी लावून पाण्यापासून आठ इंचांवर टांगले. दोन वर्षं त्यावर मशरूम एकाचे अकरा झाले. दोष एकच: उजेड कमी-जास्त करता येत नाही, एक तर चालू नाही तर बंद. उजेड जास्त वाटला की दांडी वर घ्यायची, एवढाच उपाय.

पुढे ज्याला सगळे 'ब्लॅक बॉक्स' म्हणतात ती काळी पेटी सेकंडहँड मिळाली, साडेचार हजारांना. आत तीन-तीन वॅटचे ५५ एलईडी, म्हणून वर १६५ वॅट लिहिलेलं. प्लगला लावायचा वॅटमीटर जोडून बघितलं तर सगळं पूर्ण सोडल्यावर ११५. हे नेहमीचंच, खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका. निळ्याची वायर वेगळी, पांढऱ्याची वेगळी, दोघांना फिरवायची बटणं. मी निळा ४० टक्के आणि पांढरा १० टक्के ठेवते, मीटर ५० वॅटच्या आसपास दाखवतो. रोज नऊ तास म्हणजे महिन्याला साडेतेरा युनिट. युनिटला दहा रुपये धरा, १३५ रुपये झाले. पूर्वीच्या मेटल हॅलाइडच्या जमान्यात १५० वॅटचे दोन दिवे लावले की ७०-८० युनिट जायचे, वर पाणी गरम व्हायचं ते वेगळं. मुंबई-ठाण्याच्या मे महिन्यात ते परवडणारं नाही. पाणी तसंही तिशीला टेकलेलं असतं.

ती पेटी आणली त्या दिवशी मी एक गाढवपणा केला. दोन्ही बटणं पूर्ण फिरवून ठेवली. तिसऱ्या दिवशी लेदर मिटून चामड्याच्या जुन्या चपलेसारखं झालं, आणि बशीएवढा मशरूम रुपयाच्या नाण्याएवढा होऊन दगडाला चिकटला. सावरायला दोन महिने लागले. तुम्ही निळा २० टक्क्यांवर सुरू करा आणि दर आठवड्याला पाच टक्के वाढवा, त्याहून घाई नको. बटण नसेल तर लाइट उंच टांगून दर आठवड्याला इंचभर खाली आणा.

किती वाढवायचं ते प्रवाळच सांगतं. झोआचे देठ लांब होऊन माना वर काढायला लागले तर उजेड कमी पडतोय. बुटके, आखूड, कडा आत वळलेल्या, तर जास्त होतोय. मशरूम पेल्यासारखा कडा वर उचलून बसला तर तो आणखी उजेड मागत असतो, अंगाचा रंग उडत चालला तर नको म्हणत असतो. माझ्याकडे झोआ लाइट लागल्यावर वीस मिनिटांनी उघडतात: आधी बंद बटणं, मग मधली फट, मग एकदम पाकळ्यांची झालर. एक दिवस नाही उघडले तर मी लाइटला हात लावत नाही, आधी खारेपणा मोजते. दहातल्या आठ वेळा दोष तिथेच असतो.

टायमरला कंजूषी करू नका. चारशे-पाचशेचा गोल चकतीचा टायमर पुरतो. निळा दुपारी एक ते रात्री दहा, पांढरा तीन ते आठ. आपण घरी असतो तेव्हाही उजेड, हा नोकरदारांसाठीचा हिशोब. शेवाळ वाढलं की लोक लाइटला शिव्या देतात, पण मूळ कारण बहुतेक वेळा जास्त खाऊ घालणं असतं. आधी मुलांच्या हातातून खाण्याचा डबा काढून घ्या, मग पांढऱ्याचे दोन तास कमी करा.

विजेचं मात्र नीट ऐका. खाऱ्या पाण्याचे तुषार उडतात आणि वाळून लाइटवर मीठ धरतं. माझी एक उघडी पट्टी चार महिन्यांत हिरवी पडली होती. एके संध्याकाळी टाकीत हात घातला तर बोटावरच्या चिरेला मुंग्या आल्या. गोड्या पाण्याच्या टाकीत असं झालं असतं तरी वाईटच, पण खारं पाणी वीज फार चांगली वाहून नेतं. दुसऱ्याच दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलावून त्या लाइनला ३० मिलिअँपची आरसीसीबी बसवली, म्हणजे वीज गळली की लाइन आपोआप तोडणारा स्विच. ती आधी, लाइट नंतर. वायर प्लगच्या खाली झोळासारखी लोंबती सोडायची, म्हणजे ओघळ तिथेच ठिबकतो, प्लगपर्यंत चढत नाही. दर रविवारी प्लग काढून ओल्या फडक्याने मीठ पुसायचं.

सेकंडहँड पेटी घ्यायला गेलात तर अर्धा तास चालू ठेवायला सांगा. पंख्याचा आवाज ऐका, घरघर असेल तर पंखा बदलायचे दीडशे-दोनशे किमतीतून वजा करून घ्या. एकही एलईडी बंद असेल तर त्या रांगेचे बाकीचे कधी जातील याचा भरवसा नाही. आणि मागचे स्क्रू बघा. गंजलेले असतील तर पेटी उघडायला लावा. उघडत नाही म्हणाला तर चहा पिऊन परत या.