शटडाऊन आणि पॉवर: फाइल सिस्टिम फिल्टर ड्रायव्हर लिहिताना या चुका टाळा

ज्यांचा फिल्टर ड्रायव्हर (फाइलींवरचं वाचणं-लिहिणं मधेच पाहणारा विंडोजमधला ड्रायव्हर) ‘रिस्टार्ट करून पाहिलं, काही अडचण नाही’ एवढ्यावर पास होतो, त्यांनी तो कापसाच्या हंगामात एखाद्या जिनिंगच्या वजनकाट्यावर बसवावा. यवतमाळ-वर्ध्याकडच्या खेड्यांत लाईन सांगून जात नाही, यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली असते, आणि बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग असताना कॉम्प्युटर नीट बंद करायला कोणाला सवड नसते. इथे जे टिकतं ते कुठेही टिकेल.

उदाहरणाला एक साधा मिनिफिल्टर, म्हणजे विंडोजच्या फिल्टर मॅनेजरवर बसणारा फिल्टर ड्रायव्हर, घेऊ. कोणत्या फाइली बदलल्या याची यादी तो ठेवतो आणि बॅकअपचं सॉफ्टवेअर ती यादी वाचतं. यादी मेमरीत राहते, आणि शटडाऊनच्या कॉलबॅकमध्ये (शटडाऊनच्या वेळी विंडोज बोलावतं ते ड्रायव्हरचं फंक्शन) डिस्कवर लिहिली जाते. ऑफिसात मस्त चालतं. काट्यावर मात्र मधूनच एखाद्या संध्याकाळच्या पावत्या बॅकअपमध्ये सापडत नाहीत.

काट्यावरच्या माणसाला विचारलं की उत्तर ठरलेलं: “रोज रात्री बंद करूनच घरी जातो ना भाऊ!” तो खरंच बंद करतो. पण टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये अपटाइम बघा, दोन आठवड्यांच्या वर निघतो.

‘शट डाऊन’ दाबलं म्हणजे शटडाऊन झालं, असं धरणे

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलं. ते चालू असेल तर ‘शट डाऊन’ दाबल्यावर युजरची सेशन बंद होतात, पण कर्नल (विंडोजचा गाभा) आणि सेशन शून्यातल्या, म्हणजे पडद्यामागच्या, सर्व्हिसेस हायबरनेट होतात: त्यांची मेमरी डिस्कवरच्या फाइलमध्ये लिहून ठेवली जाते. ड्रायव्हरच्या नजरेतून मशीन एस-४ (हायबरनेट) मध्ये गेलं, बंद झालंच नाही. म्हणून शटडाऊनचा आयआरपी (विंडोज ड्रायव्हरला पाठवतं ती विनंती) येत नाही. तो येतो रिस्टार्टला, आणि आपण टेस्ट करताना नेमकं रिस्टार्टच करतो.

एरवी यादी मेमरीसकट हायबरनेशन फाइलमध्ये जाते आणि सकाळी परत येते. घात होतो तो स्क्रीन काळी झाल्यावर. माणूस भिंतीवरचा मेन स्विच पाडतो, तेव्हा डिस्कवर लिहिणं अजून चालू असू शकतं. सकाळी ती अर्धवट इमेज टाकून देऊन विंडोज नव्याने बूट होतं. पावत्यांच्या फाइली आधीच फ्लश झालेल्या (कॅशमधून डिस्कवर उतरलेल्या) असल्याने शाबूत, यादी मात्र जुनी. म्हणजे फाइल नवी, पण बॅकअपच्या लेखी ती बदललेलीच नाही. कुठे एरर नाही, काही नाही.

तपासायला सोपं आहे. कमांड प्रॉम्प्टवरचा ‘शटडाऊन स्लॅश एस’ किंवा शिफ्ट दाबून केलेलं शट डाऊन पूर्ण शटडाऊन करतं. त्यात अडचण दिसत नसेल आणि मेन्यूतून बंद केल्यावरच दिसत असेल, तर कारण सापडलं. पण गिऱ्हाइकाच्या मशीनवर फास्ट स्टार्टअप बंद करून येणं याला मी दुरुस्ती म्हणणार नाही. लाईन गेली तर शटडाऊनही नाही आणि एस-४ ही नाही.

खरी दुरुस्ती रचनेत आहे. व्हॉल्यूमवर पहिला बदल होण्याआधी डिस्कवर ‘अपूर्ण’ अशी खूण लिहा आणि फ्लश करा. यादी अधूनमधून लिहीत राहा. खूण पुसायची ती फक्त व्यवस्थित शटडाऊन झाला तर. पुढच्या बूटला खूण तशीच दिसली की यादीवर विश्वास ठेवू नका, पूर्ण स्कॅन करा. स्कॅनला वेळ लागतो हे खरं, पण पावत्या हरवण्यापेक्षा तो परवडतो.

आणि हो, डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या पॉलिसीज टॅबवर राईट-कॅशचं फ्लशिंग बंद करणारा एक चेकबॉक्स असतो. कोणीतरी ‘मशीन फास्ट होते’ म्हणून तो टिक करून गेलेला असतो. मग तुमचा फ्लश डिस्कच्या कॅशपुढे जाईलच असं नाही.

शटडाऊनच्या कॉलबॅकमध्ये सर्व्हिसची वाट पाहणे

पूर्ण शटडाऊनमध्ये शटडाऊन आयआरपी येईपर्यंत तुमची युजर-मोड सर्व्हिस बहुधा आटोपलेली असते. तिला ‘फ्लट-सेंड-मेसेज’ने निरोप पाठवून टाइमआउट न देता थांबलात, तर उत्तर कोण देणार? टाइमआउट द्याच. त्यातही एक खोच आहे: वेळ संपल्यावर येणारा ‘स्टेटस टाइमआउट’ हा सक्सेस कोड आहे. नुसतं ‘एनटी सक्सेस’ (कोड यशाचा आहे का एवढंच पाहणारा मॅक्रो) तपासणारा कोड उत्तर मिळालं असं समजून रिकामा बफर वाचायला लागतो. त्याची तुलना वेगळी करावी लागते.

जड काम सर्व्हिसमध्येच, प्रीशटडाऊनच्या (प्रत्यक्ष शटडाऊनआधी सर्व्हिसला मिळणाऱ्या) सूचनेवर करावं. विंडोज १० च्या १५०६३ बिल्डपासून त्याची डिफॉल्ट मुदत १० सेकंद आहे, आधी ३ मिनिटं होती. जास्त लागत असेल तर मुदत आधीच मागून ठेवा.

ड्रायव्हरमध्ये शटडाऊनला फक्त प्री-ऑपरेशन (विनंती खाली जाण्याआधीचा) कॉलबॅक मिळतो, पोस्ट (नंतरचा) नाही. त्यात थोडकं काम करा आणि विनंती खाली जाऊ द्या. ती अडवायची नाही, फेल करायची नाही. त्यानंतरही फाइलींवर लिहिणं चालू राहू शकतं, म्हणून तिथेच आपली स्ट्रक्चर्स मोकळी करू नका. अनलोड रूटीनमध्ये यादी लिहू म्हणाल, तर सिस्टिम बंद होताना अनलोड बोलावलंच जात नाही.

लास्ट-चान्स नोटिफिकेशन (शटडाऊनच्या अगदी शेवटी येणारी सूचना) नावाला भुलून घेऊ नका. ते येतं तेव्हा फाइल सिस्टिम फ्लश होऊन गेलेल्या असतात. तिथे फाइल उघडता येत नाही, पेजेबल (मेमरीतून डिस्कवर हलवता येणारा) कोडही चालत नाही.

डिस्क फिल्टरचा पॉवर कोड उचलून आणणे

पॉवर आयआरपी डिव्हाइस स्टॅकमधून (एका डिव्हाइससाठी एकावर एक बसलेल्या ड्रायव्हरांतून) जातात. फाइल सिस्टिमच्या स्टॅकवर बसलेल्या मिनिफिल्टरला त्यांची वाट पाहून उपयोग नाही. झोपेआधी कळायला हवं असेल तर ‘पॉवर-स्टेट’ या कॉलबॅक ऑब्जेक्टवर नोंदणी करा. सिस्टिम एस-० (चालू स्थिती) सोडण्याआधी तो सांगतो, परत आल्यावरही सांगतो. मात्र तो डिस्पॅच लेव्हलवर (जिथे थांबून राहणारं काम चालत नाही) येऊ शकतो, म्हणून फाइलीचं काम वर्क आयटमकडे (सिस्टिमच्या थ्रेडवर मागाहून चालणारं काम) द्या.

व्हॉल्यूम किंवा डिस्क फिल्टर लिहीत असाल तर गोष्ट वेगळी. तिथे पॉवर आयआरपी खाली द्यावाच लागतो. जुन्या नमुन्यांतलं ‘पो-स्टार्ट-नेक्स्ट-पॉवर-आयआरपी’ व्हिस्टापासून लागत नाही. आयआरपी अडकला तर निळी स्क्रीन येते, ९एफ, म्हणजे ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर. पहिला पॅरामीटर ३ असेल तर कुठल्यातरी डिव्हाइसने आयआरपी फार वेळ धरून ठेवलाय. विनडीबीजीमध्ये (विंडोजचा डीबगर) तो आयआरपी उघडा, स्टॅकमध्ये कोणाकडे थांबलाय ते दिसतं.

एन्क्रिप्शनचा मिनिफिल्टर असेल तर आणखी एक ध्यानात घ्या. हायबरनेशन फाइल डम्प स्टॅकमधून (क्रॅश डम्प लिहिणारे वेगळे ड्रायव्हर) थेट डिस्कवर लिहिली जाते, तुमच्या हातून जात नाही. मेमरीत उघडा असलेला मजकूर तसाच तिच्यात उतरतो.

टेस्टसाठी व्हर्च्युअल मशीन घ्या आणि लिहिणं चालू असताना ते सरळ टर्न ऑफ करा. मग तेच मेन्यूतून बंद करताना, हायबरनेट होताना, आणि परत उठताना. ड्रायव्हर व्हेरिफायर (ड्रायव्हरच्या चुका पकडणारं विंडोजचं साधन) चालू ठेवूनच.