आजारी माणसाच्या ताटात माळवं पोचवताना या चुका टाळा

मधुमेह किंवा रक्तक्षय असलेल्या गरीब घराला सणासुदीला फळांची टोपली दिली, तर ती चार दिवसांत संपते. आजार मात्र वर्षभर असतो. त्यामुळे मदत थोडी असली तरी चालेल, पण ती दर आठवड्याला आणि आठवडी बाजाराच्या दिवशीच मिळायला हवी.

सगळ्यात जास्त चूक हिशेबात होते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेनुसार एका माणसाला रोज साधारण ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं लागतात, म्हणजे आठवड्याला नुसतं माळवंच (भाजीपाला) २.८ किलो. तेवढंच दिलं तर घरात भाजी एकाच पातेल्यात शिजते आणि पाच माणसांत रुग्णाच्या वाट्याला आठवडाभरात जेमतेम अर्धा किलो येतं. लेकरांना उपाशी ठेवून कोणतीही आई एकटी खाणार नाही. म्हणून खाणारी तोंडं मोजा. पैसे कमी असतील तर घरं कमी घ्या, पण घेतलेल्या घरांना पुरेसं द्या.

बाजारात भाजी घ्यायला घरांना पैशांऐवजी कुपनं दिली, तरी भाजीवाली ती घेत नाही? बहुतेक वेळा तिचे पैसे महिनाअखेरीला दिलेले असतात. तिला उद्या पहाटेच्या लिलावाला रोख लागते. त्याच संध्याकाळी हिशेब चुकता करा. कुपनं २०-२० रुपयांची ठेवा, म्हणजे सुट्ट्या पैशांची अडचण येत नाही.

फ्रीज नसलेल्या घरात, मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, मेथी दुसऱ्या दिवशीच पिवळी पडते. पालेभाजी दोन दिवसांपुरतीच घ्या, पुढच्या दिवसांसाठी कोबी, दुधी आणि न चिरलेला लाल भोपळा.

सफरचंदाचा हट्ट सोडा. १०० ग्रॅम पेरूत सुमारे २०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, सफरचंदात पाचच्या आसपास. रक्तक्षयात पालेभाजीवर लिंबू पिळा, जेवणानंतर तासभर चहा नको. मधुमेहींनी मोसंबीचा रस न पिता फोडी खाव्यात, त्याही मोजक्या.

मूत्रपिंडाच्या रुग्णाला मात्र हीच पिशवी देऊ नका. पोटॅशियम वाढलेलं असेल तर पालक, शेवग्याचा पाला, केळी आणि शहाळं त्याला घातक ठरू शकतं. डॉक्टरांकडून यादी घ्या. भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी फेकून द्यायचं.

क्षयरोग्याला निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून महिना १००० रुपये मिळतात. पैसे येत नसतील तर आधी बँकेत जाऊन खातं आधारशी जोडलंय का ते तपासा.