रडरचा ट्रिम टॅब वाकवण्याआधी

घरी बांधलेलं छोटं विमान पहिली काही उड्डाणं करून आलं की पायलटची एक तक्रार बहुतेक ठरलेली असते: "सरळ उडतानाही उजवा पाय दाबून ठेवावा लागतोय." म्हणजे रडरच्या, शेपटीवरच्या नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या उभ्या पृष्ठभागाच्या, उजव्या पेडलवर. सांगली-मिरजेकडून डिप्लोमा करून या कामात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. मी हे काम कराडच्या धावपट्टीवर थोरल्या मेकॅनिकांच्या हाताखाली शिकलो. तिथे पहिला धडा मिळाला तो हाच, की तक्रार ऐकली म्हणून लगेच टॅबला, म्हणजे रडरच्या मागच्या कडेवरच्या पत्र्याच्या छोट्या पट्टीला, हात लावायचा नाही.

आधी कारण समजून घ्या. लायकमिंग किंवा रोटॅक्स ९१२ सारख्या इंजिनांचा प्रॉपेलर कॉकपिटमधून बघितला तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. त्याने मागे फेकलेली हवा धडाभोवती पीळ घेत जाते आणि शेपटीवरच्या उभ्या फिनला, म्हणजे रडरच्या पुढच्या स्थिर भागाला, डावीकडून ढकलते. शेपूट उजवीकडे सरकतं, नाक डावीकडे वळतं. विमान तिरकं सरकतंय का, हे दाखवणारा पॅनेलवरच्या वाकड्या नळीतला बॉल तेव्हा उजवीकडे जातो. बॉल जिकडे, पाय तिकडे. टायगर मॉथच्या जिप्सी मेजर इंजिनात प्रॉपेलर उलटा फिरतो, तिथे सगळं उलट. म्हणून इंजिन कुठलं आहे, हे सगळ्यात आधी विचारा.

आता तपासणी. बॉलचं यंत्रच पॅनेलवर तिरकं बसलं असेल तर पुढचं सगळं वाया. गवंड्याकडे असते तशी पाण्याची पारदर्शक नळी घ्या, दोन्ही पंखांवरच्या सारख्या खुणांशी पाणी जुळवून विमान समपातळीत आणा आणि मग बॉल बघा. मधोमध नसेल तर दोष यंत्राच्या बसवण्यात आहे. त्यानंतर चाकांवरची आणि लँडिंग गिअरच्या पायांवरची फेअरिंग, म्हणजे हवा सुरळीत वाहावी म्हणून बसवलेली आवरणं. माझ्या मते जास्तीत जास्त वेळ इथे द्यावा, कारण किंचित वाकडं बसलेलं फेअरिंग हवेत स्वतःच रडरचं काम करतं. रडरच्या केबलचा ताण, पेडलच्या स्प्रिंगा आणि बिजागऱ्या हे तर बघायचंच. हे सगळं ठीक असेल तरच टॅब.

टॅबची दिशा नवख्याला हमखास चकवते. नाक उजवीकडे आणायचं असेल तर टॅब डावीकडे वाकवायचा. टॅबवरची हवा रडरची मागची कड उजवीकडे ढकलते आणि पायाने करायचं काम तिथे होतं. पत्र्याचा टॅब नसेल तर रडरच्या मागच्या कडेला डाव्या बाजूने लाकडाची पाचर टेपने चिकटवून चाचणी घेतात. लांब पाचरीपासून सुरुवात करून ती थोडी थोडी कापत जायची. मिरजेचा सतारमेकर जवारी काढताना घोडी जराशी घासतो, तार छेडून ऐकतो, पुन्हा घासतो. हे काम त्याच धीराचं आहे. एका उड्डाणात एकच बदल, तोही थोडका.

चाचणी सकाळी लवकर घ्यावी. उन्हाळ्यात कृष्णाकाठची नांगरलेली रानं तापली की हवा उसळ्या मारते आणि बॉल एका जागी थांबत नाही. सुरक्षित उंची, नेहमीचा क्रूझ वेग आणि दोन्ही पंखांतल्या टाक्यांत सारखं इंधन ठेवायचं. मग पायलटने पेडलवरचा जोर हळूहळू काढायचा आणि बॉल किती सरकतो ते लिहून ठेवायचं. जमिनीवर लावलेला टॅब एकाच वेगाला आणि एकाच पॉवरला बरोबर बसतो. चढताना उजवा पाय लागणारच, तोही टॅबने घालवायला जाऊ नका.

पत्रा पुन्हा पुन्हा वाकवला की थकतो. दोन लाकडी ठोकळ्यांत धरून वाकवा आणि रिव्हेटच्या ओळीत बारीक तडा दिसतोय का, ते भिंगातून बघा. टॅब स्वतःच्या मनाने मोठा किंवा जड कधीच करू नका. बिजागरीच्या मागे वजन वाढलं की रडरचा तोल बिघडतो आणि फ्लटरचा, म्हणजे पृष्ठभाग जोरात फडफडून तुटण्याचा, धोका वाढतो. बदल लॉगबुकात लिहायचा, आणि त्यावर सही अधिकार असलेल्या माणसाचीच. तो अधिकार मिळवायचा असेल तर डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या, सीएआर-६६ या देखभाल-लायसन्समधला बी१.२ हा गट पिस्टन इंजिनाच्या विमानांचा आहे, त्याचा अभ्यास धरा.

एक पंख जड वाटतो, ही तक्रारही बऱ्याचदा सोबतच येते. तिला नंतर हात घाला. विमान तिरकं सरकत असेल तर एक पंख आपोआप खाली जातो, त्यामुळे बॉल मधोमध आल्यावर ती तक्रार कधीकधी उरतच नाही. उरलीच, तर मग एलरॉनकडे, म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखांच्या मागच्या कडेवरच्या झडपांकडे, वळा.