टिचबटणं उघडून शिकवा स्प्लायसिंग

आरएनएची वीण उसवणारी विकरं म्हणजे हेलिकेज. स्प्लायसिंगमध्ये, म्हणजे आरएनएतला नको असलेला तुकडा कापून उरलेली टोकं जोडताना, ती पावलोपावली लागतात. नुसत्या फळ्यावर ती शिकवू नका, मुलांच्या हातून उसवून घ्या. मी सांगलीत बारावीला जीवशास्त्र शिकवते. गणपती पेठेतून सहा रंगांची लोकर आणि टिचबटणं आणते, सोबत ओंजळभर भुईमुगाच्या शेंगा.

लाल-पांढरी-लाल अशी लांब दोरी करा. लाल ते एक्सॉन, म्हणजे राहणारे तुकडे; मधला पांढरा इंट्रॉन, म्हणजे कापून टाकायचा तुकडा. पांढऱ्याच्या सुरुवातीला ‘जीयू’, शेवटी ‘एजी’ अशा चिठ्ठ्या टाचा. बाकीचे रंग म्हणजे यू-आरएनए, ही कापाकापी घडवणारे छोटे आरएनए. सुरुवातीच्या बटणावर हिरवा यू-1 बसवा, शेवटाच्या अलीकडे काळा यू-2. निळा यू-4 आणि पिवळा यू-6 मात्र एकमेकांना पाच-सहा बटणांनी घट्ट जोडून ठेवा. पहिल्या वर्षी मी हे दोन धागे शिवून टाकले होते, त्यामुळे खरी गोष्ट कुणाला दिसलीच नाही.

आता नियम एकच: शेंग फोडल्याशिवाय बटण उघडायचं नाही. शेंग म्हणजे एटीपी, पेशीचं इंधन.

पहिली शेंग पीआरपी-28 ची (पीआरपी आणि बीआरआर ही इथल्या हेलिकेजांची नावं). तो यू-1 ला उठवतो आणि त्या जागी यू-6 बसतो. मग बीआरआर-2. इथे अजिबात घाई करू नका. एका मुलीला निळ्या धाग्याचं टोक धरून हळूहळू ओढायला सांगा. एकेक बटण टचकन सुटतं, निळा धागा बाजूला पडतो आणि मोकळा झालेला पिवळा काळ्याशी जुळतो. कात्री तयार होते ती इथे, तोवर कापाकापी होऊच शकत नाही. माणसात याच बीआरआर-2 च्या जनुकात बिघाड झाला तर रेटिनायटिस पिग्मेंटोसा हा डोळ्यांचा आजार होऊ शकतो: आधी रातांधळेपणा, मग नजर आक्रसत जाते. हे सांगितलं की वर्ग गप्प होतो.

पुढचं भराभर होतं. पीआरपी-2 ने ओढ दिली की पहिला काप जातो आणि पांढऱ्याचा फास बनतो. पीआरपी-16 मांडणी बदलतो, मग दोन्ही लाल टोकं जुळतात. हे दोघे कात्रीत हात घालत नाहीत. विहिरीच्या काठावरून पोहरा ओढावा तसे बाहेरूनच आरएनए ओढतात.

जुळलेली लाल दोरी पीआरपी-22 सोडवतो. उरलेला फास आणि धागे पीआरपी-43 सुटे करतो. तेच धागे गोळा करून पुढच्या बाकावर द्या. पेशीतही यू-आरएनए असेच पुन्हा वापरले जातात.