ऑफिस टाइमचा गालिचा: कमी पाण्यावर फुलणारा वाफा

भर उन्हात बागेतली बाकीची झाडं माना टाकतात, तेव्हा ऑफिस टाइम, म्हणजेच चिनी गुलाब, ऐन भरात असतो. हा घोळीच्या भाजीचा भाऊबंद. पानांत आणि खोडात पाणी साठवतो, त्यामुळे तहानेने सहसा मरत नाही. बहुतेक वाफे जातात ते जास्त पाण्याने. म्हणून सगळी मेहनत निचऱ्यावर घ्या.

जागेला किमान ६ तास थेट ऊन हवं. सावलीत नुसता पाला वाढतो. ढगाळ दिवशी कळ्या उघडत नाहीत आणि दुपारनंतर फुलं मिटतात. तो त्यांचा स्वभाव आहे, रोग नव्हे.

आधी लव्हाळा खणून गाठींसकट काढा. गालिचा दाटल्यावर लव्हाळा उपटायला गेलात, तर रोपंही हातात येतात. काळ्या जमिनीत खड्डा करून भरू नका, तिथे पाणी तुंबतं. वाफा ४ इंच उचलून घ्या. ४ फूट बाय ३ फूट वाफ्याला साधारण ५ घमेली लाल माती, ४ घमेली जाड वाळू किंवा बारीक मुरूम आणि १ घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत पुरतं. खत याहून वाढवलं तर पानं माजतात, फुलं कमी होतात.

लागवड फेब्रुवारी-मार्चमध्ये करा, म्हणजे उन्हाळाभर फुलं मिळतील. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरही चालतो. दुहेरी फुलांच्या जातींना बी कमी धरतं, म्हणून कटिंगच घ्या. ३-४ इंचांचा शेंडा खुडा, कळ्या काढा, खालच्या इंचभरातली पानं उतरवा आणि अर्धा दिवस सावलीत ठेवा. काप सुकला की काडी सहसा कुजत नाही. मग ६-६ इंचांवर, इंचभर खोल खोचा. या वाफ्यात ४८ काड्या बसतात. आठ-दहा दिवसांत मुळं धरतात. नवी वाढ दिसली की शेंडे एकदा खुडा, फुटवे आडवे पसरतात.

पहिले दहा दिवस हलका शिडकावा पुरे. पुढे बोट दोन इंच खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी द्या. पानं सुरकुतली तर झाड तहानलेलं आहे, पाणी दिल्यावर ती पुन्हा टरारतात. पानं पिवळी, काचेसारखी पारदर्शक झाली आणि बुडाशी खोड काळं, लिबलिबीत लागलं, तर मूळ कुजलंय. अशा वेळी वरचा कडक शेंडा कापून दुसरीकडे खोचा, बुडखा उपटून टाका.

फांद्यांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर ते पिठ्या ढेकूण. लिटरभर पाण्यात ५ मिली नीमतेल आणि थोडं साबणाचं पाणी घालून संध्याकाळी फवारा. मुंग्यांचाही बंदोबस्त करा, त्याच या किडीला जपतात.

दोन-तीन महिन्यांनी मधला भाग उघडा पडतो. तेव्हा ३ इंच ठेवून सरसकट छाटा. जूनच्या आधी दहा-बारा कटिंग भोकाच्या कुंडीत लावून, पाऊस लागणार नाही पण ऊन मिळेल अशा पत्र्याच्या कडेला ठेवा. कोकणात तर हे चुकवूच नका, तिथल्या पावसात उघडा वाफा क्वचितच टिकतो.