जेन्किन्सवरून गिटहब ॲक्शन्सवर : रिलीज पॅकेजच्या स्थलांतराचा अनुभव

अंधेरीच्या एमआयडीसीतील आमच्या कार्यालयात, पॅन्ट्रीशेजारच्या छोट्या खोलीत, जेन्किन्सचा, म्हणजे कोडपासून सॉफ्टवेअर आपोआप तयार करणाऱ्या (बिल्ड करणाऱ्या) साधनाचा, एक सर्व्हर कित्येक वर्षे चालू होता. आमच्या सॉफ्टवेअरची डेबियन पॅकेजे (उबुंटूसारख्या लिनक्स प्रणालींवर बसवायच्या फायली) त्यावरच तयार होऊन ग्राहकांकडे जात. एका जुलैमध्ये मुसळधार पावसाने रुळांवर पाणी आले, लोकल थांबल्या, डोंबिवलीहून मी आणि वसईहून माझे वरिष्ठ असे आम्ही दोघेही पोहोचू शकलो नाही, आणि नेमका त्याच दिवशी तो सर्व्हर बंद पडल्याने ठरलेले रिलीज दोन दिवस लांबले. त्यानंतर गिटहब ॲक्शन्सवर, म्हणजे हेच काम गिटहबच्या यंत्रांवर करणाऱ्या सेवेवर, जायचे ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. नव्याने रुजू झालेल्यांवर असे काम बऱ्याचदा येते, म्हणून हे लिहीत आहे.

जेन्किन्सफाइलमधील बिल्डच्या पायऱ्या वायएएमएल फाइलमध्ये (गिटहब ॲक्शन्सच्या पायऱ्या लिहायची फाइल) उतरवल्या की काम झाले, अशी माझी समजूत होती. तिसऱ्या दिवशी बिल्डसमोर हिरवी खूण आली. मात्र तयार झालेल्या पॅकेजची आवृत्ती ०.०.० अशी होती. आमची स्क्रिप्ट आवृत्तीचा क्रमांक 'गिट डिस्क्राइब' या आज्ञेने सर्वांत जवळच्या टॅगवरून (कोडच्या इतिहासात आवृत्तीला दिलेली नावाची खूण) काढत असे आणि टॅग सापडला नाही तर शून्ये लिहून पुढे जात असे. जुन्या सर्व्हरवर रिपॉझिटरीचा, म्हणजे कोडच्या साठ्याचा, पूर्ण इतिहास होता, तर कोड उतरवून घेणारी गिटहबची चेकआउट ॲक्शन वेगळे काही न सांगितल्यास फक्त शेवटची एक कमिट (नोंदवलेला बदल) आणते. तिच्या 'फेच-डेप्थ' या सेटिंगची किंमत ० केल्यावर सगळा इतिहास टॅगांसह आला. टॅग न सापडल्यास बिल्ड तिथेच थांबावा, असा बदलही मी स्क्रिप्टमध्ये केला, आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

दुसरी चूक ग्राहकापर्यंत गेली. नवे पॅकेज त्यांच्या उबुंटू २०.०४ च्या यंत्रावर बसले, पण प्रोग्राम सुरू होताच 'ग्लिबसी २.३४ सापडत नाही' अशा अर्थाचा संदेश देऊन बंद पडू लागला. ग्लिबसी म्हणजे लिनक्सवरील बहुतेक प्रोग्राम ज्यावर अवलंबून असतात ती मूलभूत लायब्ररी. आमचा जुना सर्व्हर उबुंटू १८.०४ चा होता, ज्यात ग्लिबसी २.२७ असते, नव्या रनरवर, म्हणजे गिटहबच्या ज्या यंत्रावर बिल्ड होतो त्यावर, उबुंटू २२.०४ आणि ग्लिबसी २.३५ होती. जुन्या ग्लिबसीवर बांधलेला प्रोग्राम नव्या प्रणालीवर सहसा चालतो, उलट मात्र चालेलच असे नाही. आमची पॅकेजे सगळीकडे चालत होती ती त्या जुन्या यंत्रामुळे, हे कोणीही कुठे लिहून ठेवले नव्हते. ग्राहकांकडील सर्वांत जुनी प्रणाली २०.०४ असल्याची खात्री करून आम्ही बिल्ड त्याच आवृत्तीच्या कंटेनरमध्ये (यंत्रातच चालणारे वेगळे, बंदिस्त वातावरण) हलवला. 'उबुंटू-लेटेस्ट' हे रनरचे नाव काळानुसार पुढच्या आवृत्तीकडे सरकते, त्यामुळे रिलीजसाठी ते वापरू नये.

म्हणून वायएएमएल लिहिण्यापूर्वी जुन्या सर्व्हरवर बसून त्याची यादी करा : प्रणालीची आणि कंपायलरची आवृत्ती, हाताने बसवलेल्या लायब्ररी, पर्यावरण चले (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स), आणि पॅकेजवर सही करण्याची किल्ली कुठे आहे ते. आमची किल्ली जेन्किन्स वापरकर्त्याच्या होम डिरेक्टरीत तशीच पडून होती. ती आता गिटहबच्या सीक्रेट्समध्ये (गुप्त माहिती ठेवण्याची सोय) आहे आणि सहीचा जॉब, म्हणजे पायऱ्यांचा गट, वेगळा असून केवळ टॅगवरच चालतो. तयार पॅकेजे जॉबच्या आर्टिफॅक्टमध्ये (जॉबने जपून ठेवलेल्या फायली) ठेवून निर्धास्त राहू नका, कारण त्यांची मूळ मुदत ९० दिवसांची असते. ती रिलीजलाच जोडा.

बिल्डची खरी कृती शक्यतो रिपॉझिटरीतल्या शेल स्क्रिप्टमध्येच असावी आणि वायएएमएलने ती फक्त हाक मारून चालवावी, असे माझे ठाम मत आहे. २०११ मध्ये हडसनमधून जेन्किन्स वेगळे झाले, २०२१ मध्ये ट्रॅव्हिस या अशाच बिल्ड सेवेचे 'डॉट ऑर्ग' संकेतस्थळ बंद झाले. साधन पुन्हा बदलावे लागले, तर ती स्क्रिप्ट आपल्याबरोबर येते आणि स्वतःच्या लॅपटॉपवरही तपासता येते.

पुढची दोन रिलीज आम्ही जेन्किन्स आणि गिटहब ॲक्शन्स अशा दोन्हीकडे बांधली. कंपायलर वेगळा असल्याने चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळख-क्रमांक) जुळणार नव्हताच. त्यामुळे दोन्ही पॅकेजांतील फायलींची यादी, परवानग्या आणि अवलंबित्वे (पॅकेजला लागणारी इतर पॅकेजे) शेजारी ठेवून तपासली, तेव्हा एका सेवा-फाइलची परवानगी बदललेली आढळली. तिसरे रिलीज फक्त नव्या पाइपलाइनवर (गिटहब ॲक्शन्सवर) झाले आणि त्यानंतरच पॅन्ट्रीशेजारचा सर्व्हर बंद केला.