जुन्या गाडीचा इंडिकेटर लागेना? आधी अर्थिंग बघा

खानापूर-जांबोटीकडच्या पावसात भिजलेल्या जुन्या मोटारसायकलचा एकाच बाजूचा इंडिकेटर मंद लागत असेल तर लगेच फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा छोटा डबा) बदलू नका. दुसरी बाजू नीट चालते म्हणजे फ्लॅशर बहुतेक ठीक आहे.

इंडिकेटर चालू ठेवा. दीड मीटर वायरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं बल्बच्या होल्डरच्या बाहेरच्या पत्र्याला टेकवा. बल्ब लख्ख लागला तर दोष अर्थिंगचाच, म्हणजे बल्बपासून गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणाऱ्या वाटेचा. नट सोडवा, इंडिकेटरची लोखंडी दांडी मडगार्डला टेकते तिथे तांबूस गंज दिसेल. पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, नट आवळा, वरून ग्रीस लावा. चोर्ला घाटाच्या धुक्यात मागच्या ट्रकला तुमचा हात दिसत नाही, त्यामुळे हे काम उद्यावर टाकू नका.

दोन्ही बाजू बंद असतील तर आधी फ्यूज बघा. मग दोन पिनांच्या फ्लॅशरच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना जोडा आणि इंडिकेटर चालू करा. बल्ब न लुकलुकता लागून राहिले तर फ्लॅशर गेला. तरीही अंधारच असेल तर हँडल डावी-उजवीकडे वळवून बल्ब मधेच लागतो का बघा. फ्रेमच्या गळ्याजवळ, म्हणजे हँडल फ्रेमला जोडलेलं असतं तिथे, वायरीचं वरचं प्लास्टिक शाबूत राहतं आणि आतली तार तुटलेली असते.